खुब्याचे दुखणे
(मंडळाच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



संमेलनाच्या चिटणिसांनी आरोग्यावर चार शब्द बोलण्याविषयी मला विचारले, तेव्हा प्रथम मी त्यांस नकारच दिला. मी डॉक्टर नव्हे, वैद्यही नव्हे. १९७४ साली जुन्या अकरावीची मॅट्रिक परीक्षा उत्तीर्ण होऊन मी शिक्षकी पेशात शिरलो आणि २०१५ साली जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालो, एवढीच माझी विद्वत्ता. परंतु चिटणीस म्हणाले, "गुरुजी, आपण इतकी वर्षे एका दुखण्याशी झगडलात. पुस्तकातले नको, अंगावरचे सांगा." यावर मला उत्तर सुचले नाही. म्हणून आज आपल्यापुढे उभा आहे. आणि काठीवाचून उभा आहे, ही गोष्टदेखील या विषयातलीच होय.

माझे दुखणे खुब्याचे. खुबा म्हणजे कंबर नव्हे. आपल्याकडे 'खुबा दुखतो' म्हणणारा मनुष्य बहुधा पाठीच्या खालच्या भागावर किंवा ढुंगणावर हात ठेवतो. वस्तुतः मांडीच्या हाडाचा वाटोळा माथा कटीच्या हाडाच्या वाटीत जेथे बसतो, तो सांधा म्हणजे खुबा. आणि त्याची जागा मागे नसून पुढे, जांघेच्या खोल आत आहे. हे मला वयाच्या एकसष्टाव्या वर्षी समजले. मुलांना शरीरशास्त्राचा धडा चाळीस वर्षे शिकविला, सांगाड्याच्या तक्त्यावर छडी ठेवून 'उखळीचा सांधा' हे शब्दही शेकडो वेळा उच्चारले, परंतु आपल्या स्वतःच्या देहात ती उखळ कोठे आहे याचा विचार कधी केला नव्हता.

२०१६ सालच्या आषाढात, रोवणीचे दिवस होते. बांधीच्या धुऱ्यावरून चालताना माझा उजवा गुडघा प्रथम दुखला. घरी जवसाचे तेल झाले, निर्गुडीच्या पाल्याचा शेक झाला. उणे पडले नाही म्हणून तालुक्याच्या गावी एका दवाखान्यात गेलो. तेथे गुडघ्याचा एक्स-रे काढण्यात आला. साठीच्या माणसाच्या गुडघ्यात थोडीफार झीज असावयाचीच. ती दिसली, आणि गुन्हेगार सापडला असे सर्वांनी समजून घेतले. पुढची दोन वर्षे त्या निरपराध गुडघ्याने जी शिक्षा भोगली ती काय सांगावी! लेप झाले, पट्टे झाले, सांध्यात सुया टोचून झाल्या. मधल्या काळात कोणाच्या सांगण्यावरून मी एकाकडून बिननावाच्या गोळ्यांच्या पुड्या आणून घेऊ लागलो. पहिल्या आठवड्यात दुखणे जादूने पळाल्यासारखे वाटले. तीन महिन्यांत तोंड सुजून भोपळ्यासारखे झाले आणि रक्तातील साखर वाढली. त्या गोळ्या स्टेरॉइडच्या होत्या. हे औषध काही रोगांत जीव वाचविते, त्याची निंदा मी करीत नाही. परंतु तज्ज्ञ डॉक्टरांच्या देखरेखीवाचून महिनोन्महिने घेतले तर ते हाडांचा घात करते, आणि त्यातही खुब्याच्या हाडाचा. ते कसे, ते पुढे सांगतो.

याच काळात काही चमत्कारिक गोष्टी घडत होत्या, पण त्यांचा संबंध कोणीच जोडला नाही. उजव्या पायाची नखे मला काढता येईनात. मोजा चढविणे हे पत्नीचे काम झाले. पंगतीत मांडी घालून बसता येईना. सायकलवर टांग टाकावयाची म्हणजे धुऱ्याचा उंचवटा शोधावा लागे. चालताना उजवे पाऊल बाहेर वळू लागले. गावातील एक म्हातारी मला वाटेत म्हणाली, "गुरुजी, पाय काहून ओढता जी?" मी म्हणालो, "गुडघा दुखतो, माय." माझ्या उत्तरापेक्षा तिचा प्रश्न अधिक शास्त्रीय होता, हे आज कळते.

२०१८ साली एका आरोग्य शिबिरात एक तरुण डॉक्टर भेटले. त्यांनी गुडघ्याकडे पाहिलेच नाही. मी खुर्चीवरून कसा उठतो आणि दारापर्यंत कसा जातो, ते पाहिले. नंतर मला उताणे निजवून गुडघा पोटाकडे दुमडला व पाऊल हलकेच बाहेरच्या बाजूस वळविले. जांघेत अशी कळ उठली की मी ओरडलो. ते हसून म्हणाले, "गुरुजी, खोडी मागच्या बाकावरचा करतो आणि मार पुढच्या बाकावरचा खातो, असे आपल्या वर्गात होत असे की नाही?" खुब्याला व गुडघ्याला संवेदना पुरविणाऱ्या मज्जातंतूंपैकी एक तंतू दोहोंस सामाईक आहे. त्यामुळे खुब्यात बिघाड झाला तरी मेंदूस कधी कधी वाटते की गुडघ्यातून तक्रार आली. त्या दिवशी कटीचा एक्स-रे निघाला. डाव्या खुब्यात माथा व वाटी यांमध्ये स्वच्छ काळी फट दिसत होती. उजव्या खुब्यात ती फट जवळजवळ नाहीशी झाली होती. हाडावर हाड घासत होते.

माझ्या भाषणातील पहिली लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट ती हीच. जांघेत, मांडीच्या पुढच्या भागात अथवा गुडघ्यात दुखत असेल आणि त्याबरोबर नखे काढणे, मोजा घालणे, मांडी घालणे जड जात असेल, तर गुडघ्याबरोबर खुबाही तपासून घ्यावा. डॉक्टरांना आपण होऊन तसे सुचविण्यात अपमान नाही. लहान मुलांच्या बाबतीत तर हे अधिकच खरे आहे. चार ते आठ वर्षांचा मुलगा लंगडू लागला आणि 'गुडघा दुखतो' म्हणाला, तर त्याचाही खुबा पाहिला पाहिजे. त्या वयात माथ्याचा रक्तपुरवठा अडून तो मऊ पडण्याचा एक विकार होतो. दुखण्याबरोबर ताप, वजन घटणे, रात्रीची झोपमोड ही लक्षणे असतील तर खुब्याच्या क्षयाचा संशय घ्यावा. तो औषधांनी बरा होतो, मात्र वेळेवर. आणि म्हातारे माणूस पडले, उठता येईना, पाय आखूड होऊन बाहेर वळला, तर चोळणाऱ्याला न बोलाविता त्याच दिवशी इस्पितळात न्यावे. ते बहुधा मांडीच्या हाडाच्या मानेचे मोडणे असते. जुन्या लोकांचे एक निदान येथे आठवते. आमच्या लहानपणी कोणी पाय ओढू लागला की 'लाखोळी बाधली' म्हणत. टंचाईच्या काळात केवळ लाखोळीच्या डाळीवर राहिले तर पाय आखडतात हे खरे. पण तो मज्जातंतूंचा विकार आहे, त्यात सांधा दुखत नाही.

आता झीज म्हणजे काय ते थोडक्यात सांगतो. माथा आणि वाटी या दोहोंवर गुळगुळीत कूर्चेचा थर असतो आणि मध्ये वंगणासारखे द्रव असते. कूर्चेत रक्तवाहिन्या नाहीत, म्हणून ती एकदा झिजली की जखम भरते तशी भरून येत नाही. थर विरतो, फट मिटते, हाडाच्या कडांना कंगोरे फुटतात, सांधा आखडतो. यास डॉक्टर ऑस्टिओआर्थ्रायटिस म्हणतात. युरोपातील लोकांत खुब्याची अशी आपोआप होणारी झीज पुष्कळ आढळते. आपल्या लोकांत गुडघ्याची झीज अधिक व खुब्याची त्यामानाने कमी. याची कारणे अनेक सांगतात. त्यांपैकी एक मला फार आवडते. आपल्या आयाबाया मूल कडेवर घेतात, त्याचे दोन्ही पाय फाकलेले राहतात, आणि त्यामुळे कोवळ्या वयात माथा वाटीत नीट बसतो. ज्या समाजांत तान्ह्या मुलांचे पाय सरळ करून घट्ट बांधून ठेवीत, त्यांत खुब्याची वाटी उथळ राहण्याचे प्रमाण अधिक आढळले आहे, आणि उथळ वाटीचा खुबा पुढे लवकर झिजतो. तेव्हा तान्ह्या बाळाचे पाय ओढून सरळ बांधू नयेत.

परंतु खुब्याची आपोआप झीज आपल्याकडे कमी असेल, तर आपल्या इस्पितळांत खुबे बदलून घेणारी इतकी तरुण माणसे कोठून येतात? याचे उत्तर चंद्रपूर-गडचिरोलीच्या माणसाने विशेष लक्ष देऊन ऐकण्यासारखे आहे.

मांडीच्या हाडाच्या माथ्याला रक्त पोचविणाऱ्या वाहिन्या थोड्या आणि चिंचोळ्या आहेत. गावाला एकच पांदण असावी आणि तीही पावसात बुजावी, तशी त्या माथ्याची अवस्था. वाट अडली की माथ्यातील हाड मरते. मेलेले हाड काही महिने, कधी वर्ष-दोन वर्षे तसेच उभे असते आणि मग शरीराच्या भाराखाली खचते. माथा वाटोळा न राहता चपटा होतो, आणि चपटा माथा वाटीत फिरू लागला की कूर्चेचे काय होईल ते सांगावयास नको. अशा रीतीने पंचविशीतल्या मुलाचा खुबा सत्तरीचा होतो. ही वाट अडविणारी कारणे तीन-चार आहेत. मानेचे मोडणे हे एक. अतिरिक्त मद्यपान हे दुसरे. स्टेरॉइड हे तिसरे. २०२१ साली करोनाच्या आजारात ज्यांस ही औषधे द्यावी लागली त्यांपैकी काहींचे खुबे पुढे असेच निकामी झाल्याचे मुंबईच्या डॉक्टरांनी नोंदविले. आणि चौथे कारण आपल्या मुलखाचे: सिकलसेल.

सिकलसेल म्हणजे विळ्याच्या आकाराची रक्तपेशी. शिकागोचे डॉक्टर जेम्स हेरिक यांनी १९१० साली ती प्रथम वर्णिली, आणि भारतात ती १९५२ साली निलगिरीच्या डोंगरी लोकांत आढळली. एरवी वाटोळी व लवचीक असणारी लाल पेशी प्राणवायू कमी पडला, शरीरातील पाणी आटले, ताप आला की वाकडी व ताठर होते आणि चिंचोळ्या वाहिन्यांत अडकून बसते. मग हातापायांत, पाठीत, छातीत असह्य दुखते, डोळे पिवळे दिसतात, रक्त कमी होते. आणि खुब्याच्या माथ्याची ती एकुलती पांदण बुजते. डॉक्टर अभय आणि राणी बंग यांनी १९८६ साली गडचिरोलीत 'सर्च' संस्थेचे काम सुरू केले, तेव्हा त्यांच्या आरंभीच्या शोधांपैकी एक या सिकलसेलचाच होता. हा विकार आदिवासी व अनुसूचित जातींत अधिक आढळतो हे खरे. परंतु 'तो आमच्यात नाही' असे विदर्भातील कोणत्याही ज्ञातीने छातीवर हात ठेवून म्हणू नये. मी तसे म्हणत होतो.

माझ्या धाकट्या बंधूंच्या मुलाची हकीकत त्याच्या संमतीने सांगतो. लहानपणी त्याचे हातपाय दुखत, तेव्हा आम्ही 'वाढीचे दुखणे' म्हणत असू. डोळे पिवळे होत, तेव्हा कावीळ समजून झाडपाला देत असू. चंद्रपूरचा वैशाख आपणास ठाऊकच आहे. पारा पंचेचाळिसाच्या पलीकडे जातो. त्या दिवसांत त्याचे दुखणे हटकून बळावे. उन्हात शरीरातील पाणी आटल्याने तसे होते, हे आमच्यापैकी कोणाच्या ध्यानात आले नाही. एकोणिसाव्या वर्षी तो लंगडू लागला. चोविसाव्या वर्षी त्याचे लग्न जमले, तेव्हा मुलीकडच्यांस सांगण्यात आले की क्रिकेट खेळताना पाय मुरगळला आहे. हे सांगणारांत मीही होतो. साखरपुड्यानंतर मुलीच्या वडिलांनी त्यास मंडपात चालताना पाहिले आणि चार माणसांत प्रश्न विचारला. लग्न मोडले. ते मोडले याचे मला आज दुःख नाही; आपण खोटे बोललो याचे आहे. कारण त्या खोटेपणाच्या पाच वर्षांत मुलाचा खुबा खचत होता आणि आम्ही तो लपविण्यात गुंतलो होतो.

पुढे रक्ततपासणी झाली. मुलगा सिकलसेलचा रोगी निघाला. आई व वडील दोघेही वाहक. मग घरातील सर्वांचे रक्त तपासले. मीही वाहक आहे. माझी पत्नी नाही. वाहकास स्वतः बहुधा काहीच त्रास नसतो, म्हणून त्यास कळतही नाही. त्याच्या दोन वाट्यांपैकी एक चांगली, एक सदोष, इतकेच. दोन वाहकांचा विवाह झाला तर प्रत्येक गर्भाच्या वेळी चारांत एक संभव रोगी मुलाचा असतो. येथे एक गैरसमज दूर करतो. याचा अर्थ चार मुलांत एक रोगी आणि तीन सुटली असा नव्हे. चिठ्ठी दर वेळी नव्याने टाकली जाते. आमच्या एकाच ज्ञातीत, ठरावीक वीस-पंचवीस गावांत आणि पुन्हा नात्यागोत्यात सोयरिकी होतात. तेव्हा दोन वाहक एकत्र येण्याचा संभव वाढतो, हे गणित सातवीच्या मुलालाही सुटेल.

पुतण्याच्या उजव्या खुब्याचा माथा खचलेला होता. डाव्याचा एक्स-रे चांगला दिसे, पण एमआरआय तपासणीत तोही सुरुवातीच्या अवस्थेत सापडला. हे हाड मरणे एक्स-रेत उशिरा दिसते आणि पुष्कळदा दोन्ही खुब्यांत होते. त्यास हायड्रॉक्सियुरिया नावाचे औषध डॉक्टरांच्या देखरेखीखाली सुरू झाले; त्याने दुखण्याचे झटके पुष्कळ कमी झाले. पाण्याची बाटली त्याच्या हातातून सुटत नाही. अठ्ठाविसाव्या वर्षी उजवा खुबा बदलावा लागला. डावा अजून टिकून आहे. त्यानंतर त्याचा विवाह झाला. यावेळी पहिल्या बैठकीतच त्याने स्वतः सर्व सांगितले. मुलीचे रक्त तपासले. ती वाहक नव्हती. त्यांस एक कन्या आहे. ती वाहक आहे, असणारच. पण रोगी नाही, आणि अंगणभर धावते.

आपले मंडळ वधू-वर सूची काढते. मागील वर्षी एका सभासदांनी सूचना केली की सूचीत रक्तगटाच्या शेजारी सिकलसेलचाही रकाना असावा. माझे मत त्याविरुद्ध आहे. छापलेला रकाना कोणाच्या हाती जाईल आणि त्याचा कोरडा कोणाच्या पाठीवर बसेल हे आपण जाणतो. तो बहुधा मुलींच्याच पाठीवर बसेल. वाहक असणे हा दोष नव्हे, रोगही नव्हे. तपासणी मात्र सर्वांची व्हावी, आणि ती साखरपुड्यानंतर नव्हे, तर शाळकरी वयातच व्हावी. सरकारी आरोग्य केंद्रात ती मोफत होते. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथे केंद्र सरकारने सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम आरंभिली. तिच्यात ४० वर्षांपर्यंतच्या ७ कोटी लोकांची तपासणी करण्याचा संकल्प आहे. प्रथम बोटाच्या रक्ताची साधी चाचणी होते. तीत संशय आला तर दुसरी पक्की तपासणी करतात. पहिलीवर विसंबून राहू नये, कारण ती वाहक व रोगी यांतील भेद सांगत नाही. हे कळल्यावर दोन्ही घरांनी समोरासमोर बसून बोलावे.

आता माझ्या स्वतःच्या खुब्याकडे परततो. निदान झाल्यावर शस्त्रक्रियेपूर्वीची चार वर्षे मी साध्या उपायांवर काढली आणि ती पूर्वीच्या दोन वर्षांहून पुष्कळ सुखाची गेली. त्यात सर्वांत मोठा वाटा काठीचा. काठी घेण्यास मी सहा महिने लाजलो. निवृत्तीनंतर लगेच काठी आली तर लोक काय म्हणतील, असा तो विचार. शेवटी घेतली ती उजव्या हातात, कारण दुखणे उजवीकडे. फिजिओथेरपीच्या बाईंनी ती काढून डाव्या हातात दिली. मला ते उलटे वाटले. तेव्हा त्यांनी मलाच तरफेचा नियम विचारला!

नियम असा. आपण चालताना प्रत्येक पावलागणिक एका पायावर उभे असतो. त्या क्षणी धड दुसऱ्या बाजूस कलंडू पाहते; ते सावरण्यासाठी खुब्याच्या बाहेरचे स्नायू जोराने ओढतात. ते सांध्याच्या अगदी जवळ असल्याने, तरफेच्या आखूड बाजूस लागणाऱ्या जोराप्रमाणे, त्यांस फार जोर लावावा लागतो. धडाचा भार अधिक हा जोर, दोन्ही मिळून सांध्यावर शरीराच्या वजनाच्या अडीच ते तीन पट दाब येतो. ६० किलोच्या माणसाच्या खुब्यावर पावलागणिक १५० ते १८० किलो! विरुद्ध हातातील काठी लांब बाजूस टेकू देते; म्हणून हाताने थोडासा भार दिला तरी स्नायूंचा पुष्कळ जोर वाचतो. त्याच न्यायाने पिशवी उचलावयाची तर ती दुखऱ्या बाजूच्या हातात धरावी. वजन एक किलो उतरले तर खुब्यावरून तीन उतरतात, हेही त्याच हिशेबात आले. काठीची उंची अशी असावी की हात सरळ सोडला असता मूठ मनगटाशी यावी. खाली रबरी टोपण हवे. आपल्या जिल्ह्यात बांबूस तोटा नाही. माझी काठी चौदा रुपयांच्या टोपणात तयार झाली.

दुसरा उपाय बसण्याचा. आपले सर्व जीवन जमिनीवर. मोहफुले वेचणे उकिडवे बसून, रोवणी वाकून, भाकरी जमिनीवर बसून, आणि दिवाळीनंतर झाडीपट्टीच्या नाटकाला रात्रभर मांडी घालून. चांगल्या खुब्याला याने काही बाध येत नाही, उलट तो लवचीक राहतो. परंतु झिजलेल्या खुब्याला खोल वाकणे व मांडी घालणे हे सर्वांत जड. खुर्ची उंच असावी, म्हणजे बसल्यावर गुडघे खुब्याच्या वर जाणार नाहीत. बाजेवरून उठण्यापेक्षा पलंगावरून उठणे सोपे. शौचालयात उंच बैठक व भिंतीस धरावयास दांडी, हा खर्च घरातील म्हाताऱ्या माणसासाठी देवळाच्या वर्गणीइतक्याच आनंदाने करावा.

तिसरा उपाय हालचालीचा. दुखते म्हणून बाजेवर पडून राहिले की स्नायू वाळतात आणि दुखणे वाढते. मी रोज सकाळी आमच्या मालगुजारी तलावाच्या पाळीवर सपाट वाटेने अर्धा तास चालत असे. डाव्या कुशीवर निजून उजवा पाय सरळ वर उचलणे, पालथे निजून खुब्याचा पुढचा भाग ताणणे, खुर्चीवरून हाताच्या आधाराविना उठणे, हे प्रकार दिवसातून दोनदा. सायकलची बैठक उंच करून घेतली. पहिले तीन आठवडे दुखणे थोडे वाढले. सहाव्या आठवड्यात मोजा स्वतः चढविला. कोणते व्यायाम करावयाचे ते मात्र फिजिओथेरपिस्टकडून शिकून घ्यावे. ज्याचा माथा नुकताच मेलेला आहे त्याने भार टाकून उड्या मारणे धोक्याचे.

औषधांविषयी फारसे सांगण्यासारखे नाही. खुबा इतका खोल आहे की वरून चोळलेले मलम तेथवर पोचत नाही. चोळणाऱ्या हाताची माया तेवढी पोचते. वेदनाशामक गोळ्या अधूनमधून, डॉक्टरांना विचारून घ्याव्यात. रोज घेतल्या तर जठरास व मूत्रपिंडास इजा करतात, विशेषतः रक्तदाब व मधुमेह असणाऱ्यांस. कूर्चा परत वाढविणारी म्हणून विकली जाणारी महागडी चूर्णे मीही दोन डबे संपविली. डबे उत्तम होते, त्यांत आता तिखट-मीठ ठेवतो.

शेवटी २०२२ साली नागपूरला शस्त्रक्रिया केली. वेळ केव्हा आली हे कसे ओळखावे, असे पुष्कळजण विचारतात. एक्स-रेवरून ते ठरत नाही. रात्री झोप लागेना, पाचशे पावले चालवेना, आणि वरील सर्व उपाय प्रामाणिकपणे करूनही तसेच राहिले, तेव्हा माझी वेळ आली. मरणाइतका उशीर करू नये, आणि पहिल्याच कळेला धावूही नये.

या शस्त्रक्रियेचा इतिहास मोठा मनोरंजक आहे. इंग्लंडात जॉन चार्नली नावाचे शल्यविशारद होते. एका रोग्यास बसविलेला कृत्रिम खुबा इतका कुरकुरे की त्याची पत्नी त्याच्याबरोबर एका खोलीत बसेना. चार्नलींनी त्या कुरकुरीवर विचार केला आणि जाणले की खरा शत्रू घर्षण आहे. त्यांचा पहिला प्रयोग टेफ्लॉनच्या वाटीचा. ती तीन-चार वर्षांत झिजून गेली व रोग्यांना पुन्हा कापावे लागले. चार्नलींनी ती चूक लपविली नाही. नोव्हेंबर १९६२ मध्ये त्यांनी राइटिंग्टन येथील इस्पितळात धातूचा लहान माथा आणि दाट पॉलिथिनची वाटी बसविली. आजचे बहुतेक खुबे त्याच विचाराचे वंशज आहेत, आणि ते पंधरा-वीस वर्षे, पुष्कळांचे त्याहूनही अधिक टिकतात. तरुणपणी बसविलेला मात्र पुढे पुन्हा बदलावा लागण्याची शक्यता असते.

मला दुसऱ्या दिवशी वॉकर देऊन उभे केले. जंतुसंसर्ग, पायातील शिरांत रक्त गोठणे, सांधा निखळणे हे धोके आहेत. ते आधी समजून घ्यावेत. सिकलसेलच्या रोग्यास ते अधिक, म्हणून त्याची शस्त्रक्रिया रक्तविकाराचे तज्ज्ञ जेथे असतील अशा मोठ्या रुग्णालयातच करावी. मला पहिले तीन महिने मांडी घालणे, पाय एकावर एक टाकणे, खाली वाकणे सर्व वर्ज्य होते. मांडी मी आजही घालत नाही. सिरोंच्याच्या माणसास नागपूर तीनशे किलोमीटरांहून दूर आहे. परंतु निदानासाठी तेथवर जाण्याचे कारण नाही. चंद्रपुरास २०१५ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, सेवाग्रामचे १९६९ पासून आहे. खर्चासाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत आपला उपचार बसतो की नाही, हे रुग्णालयातील आरोग्यमित्राच्या टेबलाशी शिधापत्रिका घेऊन विचारावे. आणि २०१६ च्या दिव्यांग कायद्यात सिकलसेलचा अंतर्भाव आहे, हे पुष्कळ कुटुंबांस अद्याप ठाऊक नाही. प्रमाणपत्र मागण्यास संकोच करू नये.

कार्यकारी मंडळास एकच विनंती आहे. आज सकाळी प्रवेशद्वाराशी मी उभा असताना आपल्या ज्ञातीतील सात माणसे पाय ओढीत आत आली. त्यांपैकी काठी एकाच्याच हातात होती, आणि तीही चुकीच्या हातात. जेवणाची पंगत खाली सतरंजीवर आहे. पुढील वर्षी एका बाजूस दहा-बारा खुर्च्या व टेबले मांडावीत, आणि त्यावर 'वृद्धांसाठी' अशी पाटी लावू नये, म्हणजे तरुणांनाही तेथे बसता येईल. माझे दोन्ही एक्स-रे, २०१८ चा आणि शस्त्रक्रियेनंतरचा, मी बरोबर आणले आहेत. ज्यांस पाहावयाचे असतील त्यांनी भोजनोत्तर यावे. मी खिडकीजवळच्या त्या उंच खुर्चीवर बसलेला असेन.